जादा गाडी, जुने डबे आणि पोलिसांचा गराडा: इंग्लंडमधले फुटबॉलवेडे परगावी कसे जायचे

हा आजच्या भागाचा लेखी मसुदा, ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तेवढे काढलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

विषय फुटबॉलचा आहे, पण मैदानावरचा नाही. मॅचला जाण्याचा आहे, आणि तेही परगावच्या मॅचला. इंग्लंडमधले पाठीराखे आपल्या संघामागे दुसऱ्या गावी कसे जायचे, कोणत्या गाडीने, कोणाच्या पहाऱ्यात, आणि त्या प्रवासाचं पुढे काय झालं, हे आज बघायचंय. फुटबॉल न बघणाऱ्यांनीही थांबा. हा भाग रेल्वे, पोलीस आणि गर्दी यांच्याबद्दल आहे, आणि त्या तिन्हींचा अनुभव आपल्याला भरपूर आहे.

आधी ‘अवे’ म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की कोल्हापूर. पण गंमत बघा, पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, सगळ्यांचे सामने एकाच शाहू स्टेडियमवर. तालमीच्या दारातून निघायचं, थोड्या वेळात स्टेडियम. समोरचा संघसुद्धा पलीकडच्या पेठेतला. त्यामुळे ‘अवे’ ही भानगडच नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. पहिल्या विभागात २२ संघ होते तेव्हा हंगामात ४२ सामने व्हायचे, त्यातले २१ दुसऱ्याच्या गावात. म्हणजे ज्याला आपल्या संघाचा प्रत्येक सामना बघायचा, त्याला वर्षातून २१ वेळा घर सोडायचं.

मी या विषयाकडे कसा वळलो? प्रोजेक्टच्या निमित्ताने मी दीड वर्ष मँचेस्टरला होतो. टीममध्ये टेस्टिंगला एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते, बोल्टन वाँडरर्सचे तिसऱ्या पिढीतले भक्त. तिथे मी त्यांना सरळ नावाने हाक मारायचो. इथे मात्र तसं जमणार नाही, म्हणून काका म्हणतो. काका गोल, खेळाडू वगैरे पटकन विसरायचे. पण १९७६ की ७७ साली कुठल्या स्टेशनात कोणत्या फलाटावर उतरलो, हे त्यांना पाठ. आधी मला वाटायचं, ही त्यांचीच सवय. मग त्यांचे मित्र भेटले. सगळे तसेच.

तर सुरुवात शनिवारपासून. १८५०च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांमधल्या बायका आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला संपवलं, आणि त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्यामुळे सगळ्यांचीच सुट्टी झाली. पुढे हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी इतर धंद्यांतही पसरली. दुपारी तीनची मॅच ही इंग्रजांची पवित्र वेळ या हिशोबात बसते. गिरणी सुटली, चार घास खाल्ले, मैदान गाठलं. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात १२ क्लब होते, सहा लँकेशायरचे आणि सहा मिडलंड्सचे. लंडनचा एकही नव्हता. रेल्वेने सकाळी निघून रात्री घरी परत येता येईल एवढीच ती अंतरं. रेल्वे नसती तर लीग नावाचं वेळापत्रक कागदावरसुद्धा मांडता आलं नसतं.

अर्थात तेव्हा दर शनिवारी परगावी जाणं गिरणीकामगाराला परवडणारं नव्हतंच. जायचे ते कपच्या मोठ्या सामन्याला. गुत्त्यात किंवा कारखान्यात भिशीसारखे क्लब असायचे, दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे आणि ते साठले की लंडन. स्कॉटलंडचे लोक तर इंग्लंडविरुद्ध वेम्बलीला होणाऱ्या सामन्यासाठी दोन-दोन वर्षं असे पैसे साठवायचे. १९२३ची वेम्बलीवरची पहिली फायनल, याच बोल्टनची, वेस्ट हॅमविरुद्ध. अधिकृत आकडा १,२६,०४७, प्रत्यक्षात आत शिरलेले त्याहून कितीतरी जास्त. एवढी माणसं आली ती बहुतेक रेल्वेने.

या गाड्यांना ‘फुटबॉल स्पेशल’ म्हणायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर जादा गाडी. आषाढीला पंढरपूरसाठी सोडतात तशी. फक्त इथे दर शनिवारी कुठे ना कुठे आषाढी.

आता माझ्यातला इंजिनिअर इथे जरा रेंगाळणार आहे. या गाड्या स्वस्त कशा पडायच्या? ब्रिटिश रेल्वेकडे उन्हाळ्यासाठी जादा डब्यांचा मोठा साठा असायचा. जुलै-ऑगस्टात अख्खा देश समुद्रकिनारी जायचा तेव्हा ते डबे लागायचे, उरलेलं वर्ष ते यार्डात धूळ खात उभे. १९६३च्या बीचिंग अहवालात याचा हिशोबच मांडलाय. लांब पल्ल्याच्या सुमारे १८,५०० डब्यांपैकी २,००० डबे असे होते, जे वर्षातून दहापेक्षा जास्त वेळा लागतच नव्हते. फुटबॉलचा हंगाम नेमका ऑगस्टअखेर ते मे. म्हणजे डबे रिकामे, इंजिन उपलब्ध, शनिवारी गिरण्या बंद आणि सातशे-आठशे माणसं एकाच ठिकाणी जायला तयार. मिळेल ते उत्पन्न वरकड. क्लाउडवाले रात्री रिकामे पडलेले सर्व्हर स्वस्तात विकतात, त्यातलाच हा प्रकार. पण याचा दुसरा अर्थ असा, की फुटबॉलच्या लोकांच्या वाट्याला कायम यार्डातला सर्वात जुना डबा यायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिला वेगळं वळण लागतं.

स्पेशलसाठी स्टेशनंसुद्धा होती. हा भाग मला सगळ्यात आवडतो. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाला लागून १९३५मध्ये एक फलाट उघडला, गाडी फक्त मॅचच्या दिवशी थांबायची, उतरलं की समोर स्टँड. वेस्ट ब्रॉमविचला ‘द हॉथॉर्न्स’ हा असाच थांबा १९३१चा. हलच्या बूथफेरी पार्कला १९५१मध्ये झाला. आणि शेफिल्डचं वॉड्सली ब्रिज. हे स्टेशन १९५९ साली नेहमीच्या प्रवाशांसाठी बंद झालं. तिकीट खिडकी नाही, वेळापत्रकात नाव नाही. पण फुटबॉल स्पेशल तिथे १९९०च्या दशकापर्यंत थांबत राहिल्या. म्हणजे तीसेक वर्षं ते स्टेशन फक्त परगावच्या पाठीराख्यांसाठी जिवंत होतं. वॉड्सली ब्रिज हे नाव ध्यानात असू द्या.

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने तर १९३६पासून आपल्या इंजिनांनाच क्लबांची नावं दिली. आर्सेनल, शेफिल्ड युनायटेड, सँडरलंड, डर्बी काउंटी, नॉर्विच सिटी वगैरे. बी-१७ जातीची वाफेची इंजिनं, नायजेल ग्रेस्लींनी रचलेली. नावाच्या पाटीखाली पितळेचा अर्धा फुटबॉल आणि दोन्ही बाजूंना क्लबचे रंग. नंतर एकूण एक इंजिन भंगारात गेलं, एकही जपलं गेलं नाही. पाट्या मात्र काही क्लबांकडे गेल्या, बाकीच्या लिलावात जबरी किमतीला जातात.

काकांच्या घरातली सगळ्यात जुनी आठवण त्यांच्या वडिलांची. १९५३ची फायनल, बोल्टन विरुद्ध ब्लॅकपूल. बोल्टन ३-१ असं पुढे होतं आणि ४-३ असं हरलं. स्टॅन्ली मॅथ्यूजच्या नावाने आजही ओळखली जाते ती मॅच. वडील मॅचबद्दल कधीच बोलले नाहीत म्हणे. सांगायचे ते परतीच्या गाडीचं. अख्ख्या डब्यात कोणी तोंडातून शब्द काढत नव्हतं, आणि वर सामानाच्या फळीवर कोणीतरी ठेवलेला लाकडी खुळखुळा (तेव्हा हातात धरून गरागरा फिरवायचे ते कर्कश वाजणारे) गाडीच्या हेलकाव्याबरोबर आपोआप कट्‌कट् वाजत होता. त्याला थांबवायलाही कोणी उठलं नाही.

काकांचा स्वतःचा काळ १९७०च्या दशकातला, आणि तिथे चित्र बदललेलं असतं. मारामाऱ्या वाढल्या होत्या. गाड्यांचीही नासधूस व्हायची, सीट फाडणं, दिवे काढून खिडकीतून फेकणं. हे खोटं नाही, काकांनीही ते नाकारलं नाही. त्यांच्या डब्यात एकदा एकाने दाराचा पट्टा कापून कमरेला बांधला होता. पण बहुतेक लोक सँडविच खात, पत्ते खेळत, मफलर खिडकीच्या फटीत अडकवून बाहेर फडकवत जायचे. डब्यात एकतर गारठा, नाहीतर बंदच न होणारा हीटर. सीटवर थाप मारली की धुळीचा ढग. आणि नेहमीची एक्स्प्रेस मागून आली की स्पेशल साईडिंगला. सुपरफास्टला वाट द्यायला पॅसेंजर उभी करतात, त्याचा वैताग ज्यांनी काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. काकांच्या मते ब्रिटनमधली सगळ्यात सुंदर शेतं त्यांनी साईडिंगवरून पाहिली.

खरी गोष्ट गाडीतून उतरल्यावरची. फलाटावर पोलिसांची रांग. सगळ्यांना एकत्र थांबवायचं. मग दोन्ही बाजूंना पोलीस, पुढे-मागे घोडे, आणि मधून हा जथा मैदानाकडे. वाटेत दुकानात शिरायचं नाही, मुतारीला जायचं नाही, मावशी त्याच गावात राहत असली तरी तिला भेटायला बाजूला व्हायचं नाही. मॅच संपली की यजमान गावचे लोक पांगेपर्यंत अर्धा-पाऊण तास आत कोंडून ठेवायचं, मग तशाच गराड्यात परत स्टेशन. काका म्हणायचे, आम्ही इंग्लंडभर फिरलो आणि एकही गाव बघितलं नाही. त्यांनी वर्णन केलं तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला ‘धिंड’. वरात आणि धिंड यातला फरक इंग्रजीत समजावून सांगायचा मी प्रयत्न केला, पण तो काही नीट जमला नाही.

बसने जाणाऱ्यांचं थोडंफार तसंच. नोव्हेंबर १९५९मध्ये एम-वन हा महामार्ग उघडला आणि वॉटफर्ड गॅपला महामार्गावरचं विसाव्याचं ठिकाण झालं. तिथे संघ, वादक, ट्रकवाले, पाठीराखे सगळे एकाच वेळी तळलेली अंडी खात. पुढे अशा कितीतरी ठिकाणी पाटी लागली: फुटबॉलच्या बसेसना प्रवेश नाही. त्यात साठीची आजी आहे का सात वर्षांचा पोरगा आहे, हे पाटी बघत नव्हती.

उलट्या दिशेने एक प्रयत्नही झाला, तो सांगायला हवा. १९७३मध्ये ब्रिटिश रेल्वे आणि फुटबॉल लीगने मिळून ‘लीग लायनर’ नावाची गाडी काढली. चांगल्या सीट, चित्रफिती दाखवायची सोय, आणि एक डबा चक्क डिस्कोचा! माणसाला माणसासारखं नेलं तर तो माणसासारखा वागेल, असा त्यामागचा विचार असावा. फार वर्षं चालली नाही. डिस्कोचा डबा ऐकून हसू येतं, पण मला विचाराल तर त्या दशकातली तीच एक शहाणपणाची कल्पना होती.

आता ते वळण. पोलिसांचा सगळा बंदोबस्त कशाभोवती होता? स्पेशल गाडी, स्पेशल बस, मफलर, क्लबचे रंग. ज्यांना खरोखर मारामारीच करायची होती त्यांच्या हे लवकरच लक्षात आलं. मग त्यांनी स्पेशलने जाणंच सोडलं. वेस्ट हॅमच्या एका कुप्रसिद्ध टोळीचं नावच ‘इंटरसिटी फर्म’, कारण ते लोक स्पेशल टाळून नेहमीच्या इंटरसिटी एक्स्प्रेसने जायचे. अंगावर क्लबचा एकही रंग नाही, महागाचे स्पोर्ट्सचे कपडे, हातात पेपर. स्टेशनवर उतरून पोलिसांच्या नाकासमोरून निघून जायचे. तिकडे मफलर घातलेला सरळमार्गी माणूस गराड्यात, घोड्याच्या शेपटीमागे. सिक्युरिटीत काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: नियम जेवढे दिखाऊ खुणांवर, तेवढे ते फक्त खुणा न लपवणाऱ्याला लागतात.

या काळातल्या जुगाडांवर एक वेगळा भाग होईल. १९७०चं दशक सरता सरता पर्सिल या कपड्याच्या साबणाच्या खोक्यांवर रेल्वे प्रवासाच्या सवलतीची कुपनं असायची, एका तिकिटावर दुसरा फुकट अशी. तरुण पोरांनी घरातच नव्हे, शेजारपाजारचीही खोकी कापली. आयांना कळेना की पोरांना एकाएकी धुण्यात एवढा रस कसा आला. लिव्हरपूलची पोरं युरोपात सामन्यांना जायची ती ट्रान्सअल्पिनोच्या तिकिटावर, सव्वीस वर्षांखालच्यांना मिळणाऱ्या स्वस्त रेल्वे तिकिटावर. १९७७ला रोममध्ये लिव्हरपूलने पहिला युरोपियन कप जिंकला त्या वेळी हजारो लोक असे रेल्वेने रोमला गेले. परत येताना इंग्लंडात न मिळणारे आदिदासचे बूट आणायचे, आणि त्यातून तिकडे कपड्यांची एक अख्खी फॅशन तयार झाली. त्याआधी १९६७ला सेल्टिक लिस्बनला जिंकलं तेव्हा ग्लासगोहून कितीतरी लोक आपल्या छोट्या गाड्या चालवत पोर्तुगालपर्यंत गेले होते. एक किस्सा तिथे हमखास सांगतात. विजयाच्या धुंदीत एक गडी विमानाने घरी आला आणि दारात पोचल्यावर त्याला आठवलं, की आपली गाडी लिस्बनमध्येच उभी आहे. खरा-खोटा देव जाणे.

१९८५ हे साल वाईट गेलं. मार्चमध्ये ल्यूटनला मिलवॉलच्या लोकांनी प्रचंड दंगा केला. २९ मेला ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलच्या काही पाठीराख्यांनी बाजूच्या भागावर चाल केली, पळताना भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली, बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांना युरोपातून बाहेर काढलं गेलं. सरकारने त्याच वर्षी कायदा केला: मॅचला जाणाऱ्या बसमध्ये आणि स्पेशल गाडीत दारू नेणं गुन्हा. नेहमीच्या एक्स्प्रेसच्या भोजनयानात मात्र चालू! ल्यूटन क्लबने तर पुढे जाऊन १९८६ ते १९९० अशी चार वर्षं परगावच्या पाठीराख्यांना पूर्ण बंदीच घातली. ओळखपत्र असलेले स्थानिक सभासदच आत. सरकारला ही कल्पना एवढी आवडली, की देशभर सगळ्या पाठीराख्यांना ओळखपत्राची सक्ती करायचं घाटत होतं.

म्हणजे १९८९पर्यंत परगावहून येणारा माणूस हा पाहुणाही नव्हता आणि गिऱ्हाईकही नव्हता. तो एक धोका होता, आणि त्याला कुठून आणायचं, कुठे ठेवायचं, कसं परत पाठवायचं एवढाच प्रश्न होता. हिल्सबरोला जे झालं ते या विचाराशिवाय समजत नाही.

१५ एप्रिल १९८९. एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. सेमीफायनल तटस्थ मैदानावर होते, म्हणून शेफिल्डचं हिल्सबरो. म्हणजे दोन्ही बाजू परगावच्या. कोणाला कुठली बाजू द्यायची हे ठरलं ते लोक कुठल्या रस्त्याने येणार यावरून. नॉटिंगहॅमचे दक्षिणेकडून येणार, लिव्हरपूलचे उत्तर-पश्चिमेकडून. दोघे रस्त्यात समोरासमोर येता कामा नयेत, ही पोलिसांची पहिली काळजी. म्हणून लिव्हरपूलला मिळाली लेपिंग्ज लेनची लहान बाजू. त्यांचे पाठीराखे जास्त असूनही तिकिटं २४,२५६, फॉरेस्टला २९,८००.

आता आकडे बघा. लेपिंग्ज लेनच्या उभं राहायच्या भागाची तिकिटं १०,१००. त्यांच्यासाठी आत जायची फिरती फाटकं, म्हणजे टर्नस्टाइल, सात. सुरक्षेच्या तेव्हाच्या सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे एका फाटकातून तासाला जास्तीत जास्त ७५० माणसं. साताला ७५०ने गुणा, ५,२५०. म्हणजे पहिल्या मिनिटापासून एकसारखी रांग लागली तरी सगळ्यांना आत जायला जवळजवळ दोन तास. आणि मॅचला लोक एकसारखे कधीच येत नाहीत, शेवटच्या तासात येतात. लोड टेस्ट नावाचा प्रकार कोणी केला असता, अगदी पेन्सिलीने कागदावर, तरी हे दिसलं असतं.

त्या दिवशी दोनच्या सुमारास एक फुटबॉल स्पेशल आली. कुठे? वॉड्सली ब्रिजला. त्या गाडीतल्या लोकांना नेहमीप्रमाणे गराड्यात मैदानावर नेलं. पण बाकीचे बहुतेक लोक आता गाड्या आणि बसने येत होते, आणि एम-सिक्स्टीटू महामार्गावर रस्त्याचं काम चालू असल्यामुळे कितीतरी जण अडकले होते. अडीचनंतर लेपिंग्ज लेनच्या छोट्याशा चौकात हजारोंची गर्दी साचली. सात फाटकांसमोर माणसं चेंगरायला लागली. दोन बावन्नला पोलिसांनी बाजूचा मोठा दरवाजा, ‘गेट सी’, उघडला. समोरच एक बोगदा होता, तो सरळ मधल्या दोन पिंजऱ्यांत जायचा. ते आधीच खच्चून भरलेले. बोगदा बंद करून लोकांना कडेच्या मोकळ्या भागांकडे वळवायला हवं होतं. कोणी वळवलं नाही. मागून येणाऱ्यांना पुढचं दिसत नव्हतं, आणि पुढे मैदानात कोणी घुसू नये म्हणून उंच जाळी. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबवला. ९७ माणसं गेली. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

आणि दोष कोणावर आला? प्रवासावर. उशिरा आले, पिऊन आले, बिनतिकिटाचे आले, फाटक तोडून आले. फाटक लोकांनी उघडलं, असं बंदोबस्ताची सूत्रं हातात असलेल्या अधिकाऱ्याने त्याच दुपारी सांगितलं. ते उघडायचा हुकूम त्याचा स्वतःचाच होता. ‘द सन’ने चार दिवसांनी पहिल्या पानावर पाठीराख्यांवर किळसवाणे आरोप छापले, लिव्हरपूलमध्ये आजही कितीतरी लोक तो पेपर हातात धरत नाहीत. तिकिटावर छापलं होतं, सामन्याच्या पंधरा मिनिटं आधी जागेवर या. म्हणजे अडीचला चौकात असलेला माणूस उशिरा आलेलाच नव्हता. लॉर्ड जस्टिस टेलरने त्याच वर्षी ऑगस्टच्या अहवालात मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणाचा, असं लिहिलं. ओळखपत्राची योजनाही त्याच्या अंतिम अहवालानंतर बारगळली. तरी घरच्यांना २०१२पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी स्वतंत्र समितीने कागदपत्रं उघडली, तेव्हा पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेल्याचं बाहेर आलं, आणि त्यातल्या ११६मधून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढलेला होता. २०१६मध्ये ज्युरीने सांगितलं: हे मृत्यू बेकायदा होते, आणि पाठीराख्यांचा यात काही दोष नव्हता. सत्तावीस वर्षांनी.

मी काकांना विचारलं, तुम्ही तेव्हा कुठे होतात? घरी, रेडिओजवळ. ते म्हणाले, दोष पाठीराख्यांचा असं ऐकल्यावर आधी माझाही त्यावर विश्वास बसला होता. इतकी वर्षं आम्हाला तसंच वागवलं होतं, की आपल्याच लोकांबद्दल तसं वाटायला लागलं होतं. यावर मला काही बोलता आलं नाही, म्हणून इथेही बोलत नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. जाळ्या गेल्या, वरच्या दोन विभागांत खुर्च्या आल्या. स्पेशल गाड्या जवळजवळ संपल्या, कारण फावले डबेच उरले नाहीत आणि रेल्वेचं खासगीकरण झालं. १९९२ला प्रीमियर लीग आली, तिच्यासोबत टीव्हीचा पैसा आला, आणि शनिवार दुपारचे तीन हे गणित मोडलं. आता सोमवारी रात्री आठला सामना असू शकतो. न्यूकॅसलहून बोर्नमथ एका बाजूने साधारण ५६० किलोमीटर. सामना संपताना परतीची शेवटची गाडी गेलेली असते. तिकिटंही भलतीच चढली होती. त्यावर पाठीराख्यांच्या संघटनेने काही वर्षं मोहीम चालवली आणि २०१६-१७पासून प्रीमियर लीगने परगावच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. टीव्हीवाल्यांनाही कळलं होतं, की पाहुण्यांचा कोपरा रिकामा असला तर स्टेडियमला आवाज राहत नाही.

मी काकांबरोबर पाठीराख्यांच्या बसने एकदा गेलो, दक्षिणेकडच्या एका गावी. सकाळी साडेसात वाजता निघालो. बसमध्ये थर्मासमधला चहा फिरला, कुणाच्या तरी बायकोने केलेला केक फिरला, एक पौंडाची सोडत झाली. प्रत्येकाची जागा ठरलेली, तीस वर्षांपासून. माझ्या शेजारची खिडकीची सीट मुद्दाम रिकामी ठेवली होती, तो माणूस आदल्या वर्षी वारला होता. त्याचा मफलर तिथे टांगलेला. बसमध्ये चढताना काकांनी कोणी न विचारता पिशवी उघडून ड्रायव्हरपुढे धरली होती. बिअर नाही हे दाखवायला. विशीतला ड्रायव्हर गोंधळून म्हणाला, राहू द्या हो. बोल्टन हरलं, किती गोलने ते मला आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

तर एवढंच. आता एक काम तुमच्यासाठी. मुंबईत कूपरेजला रोव्हर्स कप व्हायचा तेव्हा कोल्हापूरहून, गोव्याहून किंवा पुण्याहून सामने बघायला कोणी गेलं होतं का? तुम्ही नाहीतर तुमचे वडील, काका, मामा? कुठल्या गाडीने गेले, रात्री कुठे झोपले, खाल्लं काय, हे विचारून व्हॉइस नोट पाठवा. गोल कोणी मारला ते नाही सांगितलं तरी चालेल. पुरेशा आठवणी जमल्या तर त्यांचाच एक भाग करू.